अनवाणी चालणं, ग्राउंडिंगची चादर आणि हार्ट: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात, फोंड्याला वायरिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली. पूर्वी फोन यायचे ते गीझर शॉक मारतो, एमसीबी पडतो असल्या कामांचे. गेल्या काही वर्षांत वेगळेच फोन यायला लागले, म्हणजे ‘मुलाने ऑनलाइन चादर मागवलीय, तिची वायर सॉकेटच्या अर्थच्या भोकात घालायची असते, हार्टला चांगली म्हणतात, तर आमची अर्थिंग बरोबर आहे ना ते जरा येऊन बघा’. आणि मग आमच्याच घरात बाबांना स्टेंट बसला आणि हा विषय रोज जेवताना निघायला लागला. तेव्हा मी जे मिळेल ते वाचलं, बाबांच्या डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं, आणि आता एकेकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचं शेवटचं उत्तर तुमच्या डॉक्टरचंच, पण अर्थिंगचं मात्र मला विचारा.

ग्राउंडिंग म्हणजे नक्की काय?

उघडं अंग जमिनीला लागणं, एवढंच. अनवाणी मातीवर, गवतावर, ओल्या वाळूवर चालणं किंवा बसणं. दुसरा प्रकार म्हणजे घरातल्या घरात चटई किंवा चादर, तिच्यात चांदीचे किंवा कार्बनचे धागे असतात आणि एक वायर, ती सॉकेटच्या अर्थला जोडायची. कोणी अर्थिंग म्हणतं, कोणी ग्राउंडिंग, गोष्ट एकच.

ही कल्पना आली कुठून?

चादरीवाली कल्पना अमेरिकेतली. क्लिंट ओबर नावाचा माणूस, आयुष्यभर केबल टीव्हीच्या धंद्यात होता. केबलवाल्यांना माहीत असतं की वायरचं बाहेरचं कवच जमिनीला जोडलं नाही तर चित्रात मुंग्या येतात, तर त्याला १९९८ च्या आसपास वाटलं की माणसं पण आता रबरी तळव्यांचे बूट घालून जमिनीपासून तुटलीत, मग शरीरात पण असाच ‘गोंधळ’ होत असेल का? वायरिंगवाला म्हणून मला ही शंका एकदम पटण्यासारखी वाटली, खरंच. पुढे स्टीफन सिनात्रा नावाचे हार्टचे डॉक्टर त्याला येऊन मिळाले आणि २०१० मधे त्यांचं पुस्तक आलं, तिथून हे सगळीकडे पसरलं.

पण अनवाणी चालण्याचं वेड त्याहून जुनं आहे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सेबास्टियन क्नाइप नावाचे पाद्री लोकांना दवात अनवाणी चालवायचे. अडॉल्फ जुस्ट नावाचा दुसरा जर्मन मातीचे उपचार सांगायचा, आणि त्याचं वाचून गांधीजींनी पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली.

पृथ्वीतून इलेक्ट्रॉन अंगात येतात हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावरच सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर ऋण चार्ज असतो हे खरं. जगभरात सतत कुठे ना कुठे गडगडाटी वादळं चालू असतात, ती जमिनीला हा चार्ज देत राहतात, आणि स्वच्छ हवेच्या दिवशी मोकळ्या मैदानात जमिनीपासून वर जाताना दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा फरक मोजता येतो. तुम्ही अनवाणी जमिनीवर उभे राहिलात की तुमचं शरीर जमिनीच्याच व्होल्टेजला येतं, हेही खरं. अंगावर जो काही जास्तीचा चार्ज असेल तो निघून जातो.

आता ‘निघून जातो’ ला किती वेळ लागतो? डोळ्याची पापणी लवायच्या आत. आपलं शरीर म्हणजे एक अगदी छोटा कॅपॅसिटर (चार्ज साठवणारी वस्तू) आहे, १०० ते २०० पिकोफॅरडचा, पंख्याच्या कॅपॅसिटरच्या मानाने काहीच नाही. तो एकदा समान झाला की संपलं, त्यानंतर नळाखाली कळशी धरल्यासारखे तासभर इलेक्ट्रॉन अंगात भरत राहत नाहीत, कारण करंट वाहायला व्होल्टेजचा फरक लागतो आणि तो फरकच उरलेला नसतो.

आणि अजून एक, हे मला कोणी सांगितलेलं नाही पण रोज दिसतं. अमेरिकेत थंडीत हवा कोरडी, घरभर गालिचे, दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन ठिणगी, तिथे माणसाच्या अंगावर हजारो व्होल्टचा स्टॅटिक जमतो. आपल्या गोव्याच्या हवेत तो जमणार कसा? जूनमधे कपाटातले कपडे ओले लागतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. इतक्या दमट हवेत कातडीवर, कपड्यांवर, वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यातूनच निघून जातो. तिथला प्रश्न आपल्याकडे तेवढा नाहीच मुळी.

पण विकणाऱ्याने मीटर लावून दाखवलं, चादरीवर झोपलं की आकडा एकदम शून्य झाला! ते काय मग?

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, एका कार्यक्रमात. टेबलावर चादर, एका मावशींच्या हातात मल्टीमीटरची एक पिन, दुसरी अर्थला. मीटरवर साडेतीन व्होल्ट. मग मावशींनी चादरीवर तळवा ठेवला, आकडा शून्याजवळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चार जणांनी तिथेच पैसे काढले.

मीटर खोटं बोलत नव्हता. फक्त तो व्होल्टेज काय आहे ते कोणी सांगितलं नाही. भिंतीतल्या वायरींमधे २३० व्होल्ट असतात, दर सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारे, आणि हवेतूनच त्यांची थोडी ‘सावली’ आपल्या अंगावर पडते. आम्ही त्याला फँटम व्होल्टेज म्हणतो. डिजिटल मीटर इतका कमी करंट ओढतो की त्याला ही सावली पण दिसते. बंद पडलेल्या वायरवर मीटर लावा, तिथे पण असाच काहीतरी आकडा दिसतो आणि नवीन पोरगा घाबरतो. छोटा बल्ब जोडा, आकडा गायब. त्यात दम काहीच नसतो.

उलट गंमत अशी की तुम्ही अर्थला जोडलेले असताना त्या सावलीचा जो अगदी बारीकसा करंट असतो, तो तुमच्या अंगातून अर्थकडे वाहायला लागतो. नुकसान नाही होत, फार कमी असतो, पण ‘अंगातली वीज काढून टाकली’ हे वर्णन बरोबर नाही.

हार्ट पण विजेवरच चालतं ना? मग जमिनीच्या विजेचा परिणाम होणारच की.

हा प्रश्न बाबांनीच मला विचारला होता, ईसीजी काढून घरी आल्यावर, छातीला ते जेल अजून चिकटलेलं. हार्ट विजेवर चालतं हे खरंय. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, सायनस नोड, तिथून ठोका सुटतो. पण ती वीज तांब्याच्या तारेतली नव्हे. तिथे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन पेशींच्या पडद्यातून आत-बाहेर करतात, खाऱ्या पाण्यातली वीज आहे ती. कातडीवर पोचेपर्यंत ती साधारण एक मिलिव्होल्ट उरते, तेवढीच ईसीजी मशीन पकडते. पायाखालच्या वाळूत इलेक्ट्रॉन किती आहेत याने त्या आयनांना फरक पडत नाही. रक्तातलं पोटॅशियम खाली-वर झालं तर मात्र ठोके खरंच बिघडतात, म्हणून काही बीपीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टर रक्त तपासायला लावतात, ते टाळू नका.

मग हार्टला फायदा होतो असे अभ्यास झालेत ते काय खोटे?

खोटे नाही म्हणणार. लहान आहेत, आणि लहान अभ्यासावर मोठी इमारत बांधलीय.

सगळ्यात जास्त दाखवला जातो तो २०१३ चा, रक्ताच्या घट्टपणाचा. शेव्हालिए, सिनात्रा वगैरे लोकांनी केलेला. १० निरोगी माणसं घेतली, त्यांच्या हातापायांना पॅच लावून दोन तास जमिनीला जोडलं, आधी आणि नंतर रक्त घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. लाल पेशींच्या बाहेरून ऋण चार्ज असतो, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलतात आणि चिकटत नाहीत, हे शास्त्र खरं आहे. त्या चार्जचं माप म्हणजे झीटा पोटेन्शियल, ते सरासरी उणे ५.२८ मिलिव्होल्टवरून उणे १४.२६ वर गेलं, म्हणजे २.७ पट. ऐकायला जबरदस्त.

पण बघा, दहाच माणसं. आणि दुसरा गटच नव्हता, म्हणजे तसेच पॅच लावले पण वायर जोडलीच नाही अशी दहा माणसं शेजारी बसवली असती तर कळलं असतं ना की दोन तास शांत आरामात बसल्यानेच काही बदललं का. सुरुवातीचा आकडा पण निरोगी माणसाच्या मानाने आधीच कमी होता. आणि दोन तासांनी पेशी सुट्या दिसल्या यावरून पाच वर्षांनी अटॅक टळतो असं म्हणायला मधे फार मोठं अंतर आहे, ते अंतर अजून कोणी चाललेलं नाही. हजारो लोक, वर्षानुवर्षं, अर्ध्यांना खरी चादर अर्ध्यांना खोटी, आणि शेवटी अटॅक मोजले, असा अभ्यास झालेला नाही.

अजून एक गोष्ट जी विकणारे सांगत नाहीत. या विषयातल्या बऱ्याच पेपरांचे लेखक त्याच मंडळींपैकी आहेत, ज्यांचा ग्राउंडिंगच्या कंपनीत शेअर आहे किंवा तिथून पैसे मिळतात, आणि त्यांनी पेपरात तसं स्वतः लिहिलंय. लपवलेलं नाही, पण आपण वाचायला हवं. मी कुठल्या कंपनीची वायर चांगली हे त्याच कंपनीच्या डीलरला विचारत नाही.

म्हणजे रक्त पातळ होतं असं समजून रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर?

करू नका. हात जोडून सांगतो.

आमच्या बाबांनी हेच ठरवलं होतं. स्टेंट बसून चार महिने झाले होते, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू होतं, ब्रश करताना हिरड्यातून रक्त यायचं म्हणून वैतागलेले, त्यात कुणीतरी व्हिडिओ पाठवला की ग्राउंडिंगने रक्त नैसर्गिक पातळ होतं. आईला गोळ्यांच्या डब्यात मंगळवार आणि बुधवारचे खाने भरलेले दिसले, तेही गुरुवारी. दोन दिवस गोळी नाही! मला फोन केला तेव्हा तिचा आवाज थरथरत होता, मी काम टाकून आलो आणि डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले आत्ताच्या आत्ता सुरू करा, उद्या घेऊन या.

झालं काय की ‘रक्त पातळ’ या शब्दानेच घोटाळा केलाय. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल रक्ताला डाळीसारखं पातळ करत नाहीत, ती प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. नवीन स्टेंट ही धातूची जाळी आहे, तिच्यावर आतून आपलं अस्तर चढायला महिने लागतात, तोपर्यंत प्लेटलेट्स तिथे गोळा झाल्या तर स्टेंट एकाएकी बंद होऊन जबरदस्त अटॅक येतो. लाल पेशींचा झीटा पोटेन्शियल वगैरे या गुठळीला थांबवत नाही. हिरड्यातून रक्त येतं तर ते डॉक्टरांना सांगायचं, त्यावर उपाय असतो.

वॉर्फरिन (गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी दुसरी गोळी) घेणाऱ्यांसाठी तर ग्राउंडिंगच्या बाजूचे लोक स्वतःच सांगतात की डॉक्टरांना विचारल्याशिवाय चादर वापरू नका.

बीपी कमी होतं का?

२०१८ मधे बीपीच्या १० पेशंटवर एक अभ्यास आला होता, काही महिने घरी ग्राउंडिंग केलं आणि वरचा आकडा सरासरी १४.३ टक्क्यांनी खाली आला. इथे पण तुलनेला दुसरा गट नाही. बीपी हा असा प्राणी आहे की नुसतं ‘आपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवतंय’ म्हटलं की खाली येतो, माणूस मीठ कमी करतो, गोळी वेळेवर घेतो, मशीनची भीती जाते. आणि अभ्यासात लोक घेतात तेव्हा बीपी चढलेलंच असतं, पुढे ते थोडं उतरतंच.

खरोखर बीपी उतरवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं धरून. आणि गोव्यात आपण सुकं नुस्तं (मासळी), लोणचं, पापड, वर पावाबरोबर चोरीस (पोर्कचं सॉसेज), सगळं मीठच जेवतो. मला पण सुक्या बांगड्याशिवाय पावसाळा जात नाही, पण बाबांसाठी आता आई सुकी सुंगटं (कोळंबी) दोन-तीन पाण्यात धुऊन घेते आणि वरून मीठ टाकत नाही.

झोप लागते, टेन्शन कमी होतं असं म्हणतात ते?

२००४ चा एक अभ्यास आहे, १२ लोक आठ आठवडे ग्राउंड होऊन झोपले, कॉर्टिसोलचं (टेन्शनच्या हार्मोनचं) वेळापत्रक सुधारलं आणि झोप बरी लागली असं त्यांनी सांगितलं. बारा लोकांवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. पण संध्याकाळी मोबाइल घरी ठेवून दर्यावर गेलं की मन शांत होतं हे कोणाला अभ्यासाने सांगायला नको. इंग्लंडमधे जवळजवळ २०,००० लोकांचा एक मोठा अभ्यास २०१९ मधे आला, त्यात आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त सांगितलं. त्यात अनवाणी की चपलेत हे कोणी विचारलेलं नव्हतं.

चादर घेतलीच आहे, आता कुठल्या सॉकेटला लावू?

आता माझ्या खात्यातला प्रश्न आला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे तिथे अर्थ आहे असं नाही. एकदा एका जुन्या घरात गेलो, लाल कोब्याची जमीन, बाहेर तुळशीवृंदावन, आणि काकींनी नवीन चादर पलंगावर अंथरून ठेवलेली, मुलगा परदेशातून पाठवतो. मी फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थच्या मधे १०० वॅटचा बल्ब लावून बघितला. अर्थ चांगली असेल तर बल्ब फुल पेटतो, आणि आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडते. इथे आरसीसीबी नव्हतीच, आणि बल्बची फक्त तार लाल झाली, देवापुढच्या निरांजनाएवढी. बोर्ड उघडला तर अर्थ पिनला एक आखूड वायर आणि ती सरळ न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरला) पिळून जोडलेली, तीपण सैल, गंज चढलेली. खरी अर्थची वायर पिटपर्यंत, म्हणजे अर्थसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यापर्यंत, कधी गेलीच नव्हती.

याचा अर्थ काय ते सांगतो. पावसात माडाचं झावळं पडून किंवा जॉइंट कुजून बाहेरची न्यूट्रल तुटली, की फ्रिज, बल्ब जे काही चालू असेल त्यातून फेज फिरून न्यूट्रलवर येते, आणि या घरात तीच न्यूट्रल अर्थ पिनला होती, म्हणजे रात्री दोन वाजता काकी ज्या चादरीवर झोपल्यात त्या चादरीच्या वायरला २३० व्होल्ट. चांगल्या कॉर्डमधे १ लाख ओहमचा रेझिस्टर (करंट अडवणारा तुकडा) असतो, मग करंट अडीच मिलिअँपच्या आतच राहतो. पण तुमच्या कॉर्डमधे तो आहे का हे बाहेरून दिसत नाही. घामाने ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि हार्टचे ठोके कायमचे बिघडवायला तीस-पन्नास मिलिअँप पुरतात. हार्टसाठी घेतलेली वस्तू, आणि धोका हार्टलाच.

उलटं पण होतं. अर्थ एकदम उत्तम आहे, रेझिस्टर नाही, आणि तुम्ही चादरीवर झोपून हात लांब करून बॉडीला करंट असलेल्या टेबल फॅनला हात लावलात, तर तुमच्याइतका चांगला जमिनीला जोडलेला माणूस त्या घरात दुसरा नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर चादर लावूच नका. लावायचीच असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या, ३० मिलिअँपची आरसीसीबी बसवा, तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि पिट बघा. आपली जमीन चिऱ्याची, लाल जांभा, पाऊस संपला की मार्चपासून ठणठणीत कोरडी होते आणि पावसात चांगली असलेली अर्थ मे महिन्यात नावालाच उरते. पिटमधे कोळसा आणि मीठ भरलेलं असतं त्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा. हे चादर नसली तरी करा, गीझरसाठी, फ्रिजसाठी, पोराबाळांसाठी.

काकींनी काय केलं? चादर घडी करून ठेवली आणि सगळ्या घराची अर्थिंग करून घेतली.

खिडकीबाहेर वेगळा रॉड ठोकून त्याला लावली तर?

नको. घरातल्या वस्तू एका अर्थला आणि तुम्ही दुसऱ्या अर्थला, दोघांत फरक पडला तर तो तुमच्या अंगातून भरून निघणार. आणि जवळ कुठे वीज पडली तर जमिनीचंच व्होल्टेज उसळतं. गडगडायला लागलं की चादर असो, मैदान असो, किनारा असो, उठून आत या. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमधे संध्याकाळी हमखास.

पेसमेकर आहे, अनवाणी चाललो तर चालेल?

साध्या चालण्याने पेसमेकरला काही होत नाही. सॉकेटला जोडलेली चादर मात्र वापरू नका.

डायबेटिस आहे, अनवाणी चालू का?

हा प्रश्न गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा धरा. २०२३ मधे आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) देशभराच्या अभ्यासाचे आकडे आले, त्यात डायबेटिसमधे गोवा पहिला, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. आणि शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असली की तळव्यांची जाणीव हळूहळू जाते, माणसाला कळतही नाही.

मिरामारला सकाळी आमच्यातले एक काका अनवाणी चालायचे. एकदा चालून झाल्यावर बाकावर बसून पाय पुसत होते तर रुमाल लाल. टाचेत तिसऱ्याच्या शिंपल्याचा तुकडा अर्धा बोट आत, आणि ते पाऊण तास तसेच चालले होते, काही दुखलंच नाही. ती जखम भरायला अडीच महिने लागले. दुखलं नाही हेच वाईट लक्षण.

शुगर असेल तर आधी पायांची तपासणी करून घ्या, डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम. जाणीव कमी असेल तर अनवाणी अजिबात नाही, घरातसुद्धा नाही. दुपारच्या वाळूने तळवे भाजतात आणि अशा माणसाला ते संध्याकाळी फोड आल्यावर कळतं.

बाकीच्यांनी कुठे आणि कधी चालावं?

सकाळी, पाण्याच्या कडेची ओली घट्ट वाळू. मिरामार, करंजाळे, कोलवा, मोरजी, जो जवळ असेल तो. सुक्या भुसभुशीत वाळूत गुडघ्यांवर जोर येतो, हार्टवाल्यांना धाप पण लवकर लागते. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, तळवे सवयीचे नाहीत आपले आता.

किनाऱ्यावर कुत्रे फार झालेत, त्यांच्या विष्ठेतल्या जंतांच्या अळ्या तळव्याच्या कातडीत शिरतात आणि खाज येणारी नागमोडी लाल रेघ उमटते. भरतीच्या पाण्याने धुतलेल्या पट्ट्यात चाललं की तो धोका कमी. रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढलेल्या जागी काटे असतात. पावसात वाळूवर जेलीफिश येऊन पडतात, मेलेल्या वाटल्या तरी चावतात, पाय देऊ नका. शेताच्या बांधावर पावसाळ्यात अनवाणी नको, घोणस, फुरसं आहेत, आणि तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

फरशीवर, डांबरावर चालून ‘ग्राउंड’ होतं का?

डांबर, रबर, प्लॅस्टिक, लाकूड यातून नाही. फ्लॅटमधल्या टाइल्सवर जवळजवळ नाही. जुन्या घरातली शेणाने सारवलेली जमीन, ओला कोबा, चिऱ्याचं अंगण, यातून होतं.

आपले पूर्वज अनवाणीच होते आणि त्यांना हार्टचे रोग नव्हते, मग?

आपल्याकडे माती ही आईच आहे. सातेरीच्या देवळात रोयण, म्हणजे वारुळ, तीच देवी, तिच्यापुढे कोणी चपला घालून जात नाही. माझी आजी पहाटे अंगणात पाय टाकण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करायची. ती श्रद्धा मी पण पाळतो, घरात पिट खोदताना पहिला घाव घालण्याआधी आपोआप हात जातो.

पण आजी दिवसभर उभी असायची, विहिरीचं पाणी, भाताची लावणी, डोक्यावर भारे, देवळापर्यंत दोन मैल पायी. उकड्या तांदळाची पेज, ताजं नुस्तं, भाजी. तिच्या हार्टचं श्रेय नुसत्या तळव्यांना दिलं तर तिच्या कष्टांवर अन्याय होईल. आणि त्या काळी पन्नाशीत ‘छातीत कळ येऊन गेला’ असं ज्यांच्याबद्दल सांगायचे, ती माणसं पण अनवाणीच चालायची. तेव्हा ईसीजी नव्हता एवढंच.

छातीत दुखायला लागलं तर आधी जमिनीवर बसावं का?

नाही! हा प्रश्न मला खरंच एकाने विचारला म्हणून लिहितोय. १०८ लावा, दुसरं काही नाही. आपल्याकडे स्टेमी-गोवा प्रकल्प आहे, म्हणजे गावाकडच्या सरकारी हॉस्पिटलात ईसीजी काढून तो गोमेकॉच्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या) हार्ट डॉक्टरांना पाठवतात आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तिथेच देता येतं, मग बांबोळीला हलवतात. त्यामुळे काणकोण, पेडणे, वाळपई कुठेही असा, आधी जवळच्या सरकारी हॉस्पिटलात पोचा.

छाती दाबल्यासारखी, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप. बायकांत आणि शुगरवाल्यांत कळ नसतेही, नुसता थकवा आणि मळमळ. ‘गॅस झाला असेल’ म्हणून लिंबू-सोडा घेऊन थांबू नका, आमच्या बाबांचे दोन तास तिथेच गेले होते. रक्त थांबल्यावर हार्टचा स्नायू अर्ध्या तासातच मरायला लागतो.

अनवाणी चालून मला खरंच फरक पडतो का हे घरी कसं बघू?

हातावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन घ्या, दंडाचं, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी, लघवीला जाऊन, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या, दोन्ही आकडे वहीत. संध्याकाळी पुन्हा. एक आठवडा चपला घालून रोज अर्धा तास चाला, पुढचा आठवडा तेवढंच अनवाणी. गोळ्या, मीठ, झोप सगळं तसंच ठेवायचं. डॉक्टर आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हणतात ना, तेवढं यात होऊनच जातं.

बाबांनी हे केलं, डॉक्टरांना सांगूनच. चपलेच्या आठवड्यात वरचा आकडा १३०-१३४ च्या आसपास, अनवाणी आठवड्यात पण तेवढाच. मग चतुर्थी आली, पाहुणे, पंचखाद्य, करंज्या, चालणं बंद, त्या आठवड्यात १४६ पर्यंत गेला. एकट्या माणसाची वही आहे, त्यावरून जगाला काही सिद्ध होत नाही. बाबांनी वही दोनदा उलटून पाहिली, म्हणाले बरं, वाळूचा काही गुण नाही. दुसऱ्या दिवशी करंजाळ्याला उतरल्यावर चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागले, कारण त्यांना पायाला गार लागलेलं आवडतं. आठ वाजता घरी येऊन गोळी घेतात, आई समोर बसून बघते.